दाराबाहेर ठेवलेली टोपली

एडवर्ड मॅकडॉवेल हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे अमेरिकेतले बहुधा सर्वांत नावाजलेले संगीतकार. १८९६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना संगीताचे पहिले प्राध्यापक म्हणून बोलावलं. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीने, मेरियन यांनी, न्यू हॅम्पशर राज्यातल्या पीटरबरो गावाबाहेर एक जुनं शेत विकत घेतलं. शहरात वर्षभर शिकवण्याचा रगाडा. निदान उन्हाळ्यात तरी नवऱ्याला स्वतःचं काही लिहिता यावं, एवढाच हेतू. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांनी घरापासून थोडं दूर, झाडीत, ओंडक्यांची एक खोली बांधून घेतली. सकाळी एडवर्ड त्या खोलीत जात. दुपारी मेरियनबाई जेवणाची टोपली घेऊन यायच्या, ती दाराशी ठेवायच्या आणि हाक न मारता परत फिरायच्या.

ही टोपली अजून चालू आहे. मॅकडॉवेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जागेत वर्षाला साधारण तीनशे लेखक, चित्रकार, संगीतकार, वास्तुकार, चित्रपट करणारे येऊन राहतात. प्रत्येकाला झाडीत स्वतंत्र स्टुडिओ मिळतो. असे बत्तीस स्टुडिओ साडेचारशे एकरांत विखुरले आहेत, बहुतेक एकमेकांच्या नजरेआड. राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत. नाश्ता आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यायचं. दुपारचं जेवण मात्र टोपलीतून स्टुडिओच्या पायरीवर येतं. आणणारा दार ठोठावत नाही. आत बसलेल्याने बोलावल्याशिवाय कुणीच कुणाच्या स्टुडिओकडे फिरकायचं नाही, हा इथला सर्वांत जुना नियम.

मी बॉस्टनच्या बाजूला राहते, अनुवादाचं काम करते. पीटरबरो माझ्या घरापासून गाडीने दीड-पावणेदोन तासांवर. एरवी या जागेत बाहेरच्यांना प्रवेश नसतो. पण १९६० पासून इथे कलाक्षेत्रातल्या एका मोठ्या व्यक्तीला पदक देतात आणि त्या दिवशी फाटक सगळ्यांसाठी उघडतं. पहिलं पदक नाटककार थॉर्नटन वाइल्डर यांना मिळालं होतं. पुढच्या मानकऱ्यांत चित्रकार जॉर्जिया ओकीफ आहेत, कथाकार अ‍ॅलिस मन्रो आहेत, २०१६ मध्ये टोनी मॉरिसन. मांडवात भाषणं होतात, मग हिरवळीवर ज्याने-त्याने टोपलीतलं जेवण उघडायचं, आणि दुपारी कलावंत आपापल्या स्टुडिओची दारं उघडून पाहुण्यांशी बोलतात. मी अशाच एका पदकाच्या दिवशी तिथे गेले.

आपल्याकडे 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं तिथे फारसं काही नव्हतं. मोनॅडनॉक नावाचा एक डोंगर आहे. उंचीने आपल्या सिंहगडाहूनही कमी. पाइनची झाडं, दगडी बांध, डास. स्टुडिओतही चैनीचं काही नाही. टेबल, खुर्ची, खाट, शेकोटी, संगीतकारांच्या स्टुडिओत पियानो. मी थबकले ती भिंतीवरच्या फळ्यांपाशी. प्रत्येक स्टुडिओत लाकडी पाट्या टांगलेल्या असतात. वरचं टोक गोलसर, खाली सह्यांची रांग. तिथे राहून गेलेल्या प्रत्येकाने निघताना आपलं नाव आणि साल लिहायचं. त्यांच्या आकारामुळे तिथले लोक त्यांना थडग्याचे दगडच म्हणतात. जुन्या पाट्यांवरची शाई तपकिरी होऊन लाकडात मुरलेली, काही नावं डोळे बारीक करूनही लागत नाहीत. एखादं प्रसिद्ध नाव सापडतं आणि त्याच्या वर-खाली अशी नावं असतात की त्यांचं पुढे काय झालं कोण जाणे. सगळ्यांच्या सह्या सारख्याच आकाराच्या. मला हे फार न्याय्य वाटलं. ज्याने इथे बसून गाजलेलं पुस्तक लिहिलं त्याची टोपली मोठी नव्हती, आणि ज्याला महिनाभरात एक ओळ सुचली नाही त्याचीही चुकली नव्हती.

या जागेबद्दल लिहिताना सगळे वाइल्डर यांचं नाव आधी घेतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या 'अवर टाउन' या १९३८ च्या नाटकाचा काही भाग इथे लिहिला गेला आणि त्यातलं गाव बरंचसं पीटरबरोवर बेतलेलं आहे. जेम्स बाल्डविन १९५०च्या दशकात इथे येऊन राहिले. आज इथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. पण मला सांगायचं आहे ते एमी बीच यांच्याबद्दल.

एमी बीच १८६७ साली याच राज्यात जन्मल्या. लहानपणापासून विलक्षण पियानो वाजवायच्या. अठराव्या वर्षी लग्न झालं ते त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या, बॉस्टनमधल्या प्रतिष्ठित डॉक्टरांशी. बायकोने पैशासाठी जाहीर कार्यक्रम करणं त्या घराला शोभणारं नव्हतं. वर्षाकाठी एखाद-दुसरा, तोही धर्मादायासाठी, एवढी मुभा. मग त्या घरी बसून, पुस्तकं वाचून, गुरूवाचून रचना शिकल्या. १८९६ मध्ये त्यांची सिम्फनी बॉस्टनच्या वाद्यवृंदाने वाजवली, तेव्हा अमेरिकेत असं दुसऱ्या कुठल्याही बाईच्या वाट्याला आलेलं नव्हतं. १९१० मध्ये नवरा गेला, पाठोपाठ आईही गेली. घर रिकामं झालं. त्या युरोपात गेल्या, पुन्हा मैफली केल्या, परतल्या. १९२१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या पहिल्यांदा पीटरबरोच्या या झाडीत राहायला आल्या.

स्टुडिओच्या बाहेर एक पक्षी सतत गात असे. हर्मिट थ्रश; आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात पहाटे शीळ घालणारे कस्तूर असतात, तसाच एक शांत गळ्याचा रानपक्षी. बीचबाई वही घेऊन बसल्या आणि त्याचे सूर जसे ऐकू आले तसे स्वरलिपीत उतरवू लागल्या. त्यातून पियानोच्या दोन रचना झाल्या, एक संध्याकाळची आणि एक सकाळची. त्या मी ऐकल्या आहेत. संध्याकाळच्या रचनेत डावा हात खाली संथ चालत असतो, आणि वरून मधेच ती शीळ येते, थांबते, आपल्याला वाटतं संपली, तर दुसऱ्या पट्टीत परत येते. पक्षी गातो तेव्हा दोन तानांमधे जी रिकामी जागा ठेवतो, ती त्यांनी बुजवलेली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकात आपलं काम कोंबलेल्या बाईला ती रिकामी जागा ऐकायला पन्नाशी उलटावी लागली. त्यानंतर जवळजवळ दर उन्हाळ्यात त्या इथे येत राहिल्या, आणि जाताना आपल्या संगीताचं मानधन या जागेच्या नावे करून गेल्या.

आता मूळ गोष्टीकडे येते, कारण तिचा उत्तरार्ध सोपा नाही. जंगलातली ती खोली एडवर्ड यांना वाचवू शकली नाही. १९०४ मध्ये विद्यापीठाच्या प्रमुखांशी त्यांचं बिनसलं, त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रस्त्यात एका घोडागाडीची त्यांना धडक बसली. पुढे त्यांचं मन ढासळत गेलं. जानेवारी १९०८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले. आपल्याला जसं काम करता आलं तसं इतरांनाही इथे येऊन करता यावं ही त्यांची इच्छा होती. ती मेरियनबाईंनी ते हयात असतानाच, १९०७ मध्ये, प्रत्यक्षात आणली. सुरुवातीला आलेल्या पाहुण्या होत्या मीअर्स आडनावाच्या दोन बहिणी, एक शिल्पकार, एक लेखिका.

एडवर्ड यांची ही गोष्ट माहीत असल्यामुळे 'गावाकडे जा, झाडाखाली बसा, बरे व्हाल' असं कुणी सांगू लागलं की मला ते खरं वाटत नाही. न्यूयॉर्क राज्यात याडो नावाची अशीच दुसरी प्रसिद्ध जागा आहे. स्पेन्सर आणि कॅट्रिना ट्रास्क या धनाढ्य जोडप्याची चारही मुलं लहानपणी दगावली. आपलं घर पुढे कलावंतांसाठी असावं असं त्यांनी ठरवलं आणि १९२६ मध्ये पहिले पाहुणे आले. १९५९ च्या शरद ऋतूत कवयित्री सिल्व्हिया प्लाथ नवऱ्यासोबत तिथे राहिली. बरेच दिवस अडलेली तिची कविता तिथे मोकळी झाली, तिचा पुढचा आवाज तिथे सापडला, असं तिचे अभ्यासक मानतात. आणि तरीही साडेतीन वर्षांच्या आत तिने आपलं आयुष्य संपवलं. मनाच्या आजाराला डॉक्टर लागतात, औषध लागतं, जवळची माणसं लागतात. रेसिडेन्सी, म्हणजे कलावंतांनी राहून काम करायची अशी जागा, इस्पितळ नव्हे, आणि तसा दावा कुणी करू नये.

मग तिथे माणसाला बरं वाटतं ते कशाने? याचं उत्तर मला पीटरबरोपेक्षा माझ्या एका मैत्रिणीकडून जास्त नीट कळलं. ती मूळची नाशिकची, चित्रकार. नवऱ्याचं दुखणं काही वर्षं चाललं. त्या काळात तिने ब्रश हातात धरला नाही. तो गेल्यानंतर वर्षभराने तिने एका शेतावरच्या छोट्या रेसिडेन्सीत अर्ज केला आणि तिला जागा मिळाली. पहिले काही दिवस ती नुसती झोपली. मात्र रात्री दोनला आणि पहाटे सहाला तिला न चुकता जाग यायची. त्या त्याच्या औषधाच्या वेळा होत्या. शरीराने घड्याळ सोडलं नव्हतं. मग ती रात्री दोनला उठून दिवा लावून बसू लागली, आणि कोळशाच्या कांडीने जे हाताला आठवेल ते काढू लागली. गोळ्यांची रिकामी पाकिटं, पाणी पाजायचा चोचीचा पेला, कॉटच्या कठड्यावर वाळत टाकलेला पंचा. मी ती चित्रं पाहिली आहेत. गोळ्यांच्या पाकिटाच्या प्रत्येक फुटक्या फुग्याला तिने वेगळी सावली दिली आहे, आणि एका फुग्यात गोळी तशीच आहे. ती गोळी कुठल्या रात्रीची, हे मी विचारलं नाही.

तिला मी विचारलं ते एवढंच, की तिथे नेमकं काय होतं जे घरी नव्हतं. ती म्हणाली, "अगं, तिथे मला कुणी 'आज जेवायला काय?' असं विचारलं नाही. आणि मलाही कुणाला विचारावं लागलं नाही."

सगळं बळ या वाक्यात आहे असं मला वाटतं. डोंगर आणि पक्षी हवेतच, पण ते डोंगराखाली राहणाऱ्या बायकांनाही असतात आणि त्यांना त्याकडे बघायला सवड नसते. बहिणाबाई चौधरींभोवती शेत होतं, ऋतू होते, पाखरं होती. त्यांनी ओव्या रचल्या त्या जात्यावर आणि शेतात, हात कामाला लागलेले असताना. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून त्यांच्या माघारी १९५२ मध्ये पुस्तक झालं. बहिणाबाईंची प्रतिभा इतकी मोठी की कामाच्या ओझ्याखालूनही ती वर आली. पण ज्यांचं टिपून घ्यायला कुणी नव्हतं अशा किती असतील? निसर्ग त्यांच्याही दाराशीच होता. दाराशी टोपली आणून ठेवणारं कुणी नव्हतं.

म्हणून मला मेरियनबाईंचं आयुष्य एडवर्ड यांच्या संगीताहून मोठं काम वाटतं. त्या स्वतः पियानो शिकायला जर्मनीत गेल्या होत्या. तिथेच एडवर्ड त्यांचे शिक्षक झाले आणि १८८४ मध्ये लग्न झालं. नवरा गेला तेव्हा त्या पन्नास वर्षांच्या होत्या. प्रकृती धड नव्हती, गंगाजळी तुटपुंजी. त्यांनी पियानो पुन्हा हातात घेतला आणि नवऱ्याच्या रचना वाजवत गावोगाव फिरू लागल्या. कार्नेगी, मॉर्गन अशा धनिकांचा हात सुरुवातीच्या निधीला लागला होता हे खरं, पण ही जागा वर्षानुवर्षं चालली ती गावोगावच्या संगीत मंडळांच्या आणि महिला मंडळांच्या पैशांवर. कुठे कार्यक्रमाची बिदागी, कुठे वर्गणी, कुठे एका स्टुडिओचा खर्च उचलणारी एखादी संस्था. अनेक स्टुडिओंना अशा देणगीदारांची नावं आहेत. सप्टेंबर १९३८ च्या मोठ्या चक्रीवादळाने इथली झाडी आडवी झाली, तेव्हा बाई ऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी पुन्हा पैसे उभे केले. १९५६ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं नाही. गाव वसवून कलावंत घडवण्याचं मोठं उदाहरण शांतिनिकेतन. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास, कीर्तीच्या शिखरावर असताना, बंगाली शिकायला तिथे जाऊन राहिले. 'वंगचित्रे' हे पुस्तक त्यातूनच आलं. पुलंना मुक्कामाला जागा हवी होती म्हणून ते गेले नाहीत. महाराष्ट्रात त्यांना दार कुठलंही उघडं होतं. पण जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, जिथे आपण पुन्हा विद्यार्थी आहोत, अशी जागा त्यांना हवी होती, आणि ती घरी मिळत नाही. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला प्रोतिमा बेदी यांनी १९९० मध्ये नृत्यग्राम सुरू केलं. माळरानावर दगड-मातीची ती वास्तू गोव्याच्या जेरार्ड द कुन्हा यांनी उभारली. नाचायचं, शिकायचं, भाजीपाल्यालाही पाणी घालायचं, अशी तिथली दिनचर्या. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'संगम हाउस' या लेखकांच्या निवासाने पुढे अनेक वर्षं त्याच आवारात मुक्काम केला. भारतीय भाषांतले आणि परदेशातले लेखक तिथे येऊन आपापलं काम करत. नाचणाऱ्यांच्या पायांचा ठेका ऐकू येत असलेल्या ठिकाणी बसून कादंबरी लिहायला मिळणं ही मला फार हेवा वाटण्यासारखी गोष्ट वाटते.

महाराष्ट्रात मात्र लेखकाला पुरस्कार मिळतो, शाल-श्रीफळ मिळतं, संमेलनात खुर्ची मिळते. महिनाभराचा एकांत आणि दोन वेळचं जेवण मिळत नाही. पुस्तक झाल्यावर सत्कार करायला आपण सगळे तयार. ते होत असताना लेखकाच्या घरचा गॅस कोण चालू-बंद करतंय, हे विचारायची आपल्याला सवय नाही. ज्यांच्या लेखनामागे बायकोने संसार ओढला अशा पुरुष लेखकांची उदाहरणं आपण कौतुकाने सांगतो. बाई लिहिती असेल तर तो संसार कोण ओढणार? पीटरबरोलाही हा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. लहान मूल घरी असलेल्या आईला एक महिना बाहेर राहता येत नाही, आणि निवड होणारे थोडे, अर्ज करणारे खूप. पण तिथे निदान शंभराहून जास्त वर्षं कुणीतरी रोज टोपली भरतं आहे.

खर्चाचा बाऊ करू नये. साताऱ्यातलं भिलार २०१७ मध्ये 'पुस्तकांचं गाव' झालं, तेव्हा तिथल्या स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या कुटुंबांनी आपल्या घरातल्या खोल्या वाचकांसाठी उघडल्या. तिथे वाचायला जाता येतं, तर लिहायलाही का जाता येऊ नये? मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, समुद्र हाकेवर आहे. अशा स्मारकांच्या आसपास एक खोली कुणा लिहिणाऱ्या-चित्र काढणाऱ्यासाठी राखून ठेवणं हे पुतळ्यापेक्षा स्वस्त काम आहे.

आणि कोकणात, देशावर, कितीतरी घरं गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात. ज्यांची अशी घरं आहेत त्यांना माझं सांगणं आहे: पावसाळ्याचे चार महिने सोडा, बाकीच्या काळात एक महिना तरी ते घर एखाद्या कलावंताला द्या. टेबल-खुर्ची, चांगला दिवा आणि कोरडी खाट, एवढं पुरे. ज्या महिला मंडळांत भिशी चालते त्यांनी वर्षातून एका भिशीचे पैसे त्या कलावंताच्या जेवणाला द्यावेत. शेजारच्या घरातून डबा येईल, तर तो करणाऱ्या बाईलाही तिच्या कामाचे पैसे मिळतील; ते न विसरता आणि रास्त द्यावेत. येणाऱ्याकडून पुस्तक, चित्र, भाषण, आभाराचं पत्र, कशाचीही अपेक्षा ठेवू नये. पहिल्या वर्षी शक्य झालं तर अशी बाई निवडा, जिने बरीच वर्षं कुणाचं तरी दुखणं काढलं आहे आणि आपलं काम बाजूला ठेवलं आहे. डबा दाराशी ठेवा आणि दार ठोठावू नका.